गासडीत गेलेली वाकळ

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
उपासनेनंतर भगिनी मंडळाची बैठक. यंदा टांझानियाच्या दवाखान्याला जुने कपडे नकोत, वाकळा पाठवायच्या असं ठरलं. रूथनं कळवलंय, डोंगरावर थंडी मरणाची आणि वॉर्डात पांघरायला धड काही नाही. रूथ म्हणजे लीलाची एकुलती एक. आमच्या मूठभर मंडळीतून परदेशी सेवेला गेलेली नर्स ती एकटीच. पाळकसाहेब प्रत्येक प्रार्थनेत तिचं नाव घेतात, आणि लीला तेवढ्यापुरते डोळे उघडून बघते, कोण कोण आमेन म्हणतंय. मी तिच्याकडं बघते हे तिला माहीत आहे. तरी बघते.

शिवणाचं सगळं माझ्या गळ्यात. शाळेतून निवृत्त झाले म्हणजे मी रिकामीच, असा सगळ्यांचा समज.

८ नोव्हेंबर, रविवार
दुपारी बिद्रीच्या बाजूला, ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर. पाळकसाहेब (पा.सा.), हे, लीला, मी. दूधपावडर, खोकल्याचं औषध आणि बाळंतिणींना वाकळा. या वाकळा हंगामापुरत्या. कारखाना बंद झाला की गोळा करायच्या, धुऊन पुढच्या वर्षी परत वाटायच्या. नियम माझाच. दर साली नव्या कुठून आणणार?

लीला म्हणाली, "परदेशाला कायमची, आन् हितल्यांना उसनी. भारी हाय की तुझा न्याय."
म्हटलं, "टांझानियाला गोळा करायला तू जातीस का? जा."

बीडकडची कौसा म्हणून एक पोरगी आहे. पाचटाच्या कोपीत बाळंत झाली. तिला त्यातली जाड वाकळ दिली. बाळाचं नाव अजून ठेवलं नाही म्हणाली, गावी गेल्यावर ठेवणार.

१५ नोव्हेंबर, रविवार
सकाळी जरा लवकर चर्चच्या हॉलवर. शिवायला येणाऱ्या पोरींचे टाके बघवत नाहीत, एक इकडं एक तिकडं. कोपऱ्यावर दोरा कसा वळवायचा ते दाखवायला ट्रंकेतली नीताची वाकळ नेली होती. हे म्हणाले, "ती कशाला?" म्हटलं, दाखवते आणि आणते.

आमची नीता गेली त्या वर्षी तिचे सगळे फ्रॉक उसवून ती शिवली. कुणी पांघरलेली नाही कधी. डांबरगोळ्या बदलते तेवढंच. पोरींनी हात लावून बघितली, कुणाची ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

मग उपासना, नंतर अर्पण. दर वर्षीसारखी जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर सगळ्या वाकळा, भोवती सगळ्यांनी हात धरायचे. आमेन झालं की चादरीवरचं सगळं प्रभूचं. मग उलगडायचं नाही, बदलायचं नाही, सरळ बांधायचं. मला नेमकं तेव्हाच बाहेर बोलावणं आलं, मागच्या घरातल्या म्हातारीला चक्कर आली होती. परत आले तर प्रार्थना चाललेली. दारातच डोळे मिटले. आमेन म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.

पुरुषमाणसांनी गासडी शिवून दुपारीच लक्ष्मीपुरीत ट्रान्स्पोर्टवर टाकली. माझी वाकळ बाकावर नव्हती. लीलानं पिशवीत घालून नेली असणार. उद्या आणते.

१६ नोव्हेंबर, सोमवार
लीलाकडं नाही.

"माझी वाकळ दे गं."
"कुठली?"
"नीताची."
तिचा चेहराच उतरला. "अगं सुशे, ती... घडी घालून बाकावर ठेवलीवतीस. मला वाटलं, तू द्यायलाच आणलीस. मीच उचलून चादरीवर ठेवली की."
"तुला वाटलं? विचारायचं न्हाईस?"
"तू न्हवतीस तिथं! मला तर भरून आलंतं, म्हटलं, सुशीचं काळीज केवढं."

तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

हे सायकल काढून लक्ष्मीपुरीत गेले. ट्रक रात्रीच सुटलेला. पा.सा.ंकडं मुंबईच्या एजंटचा नंबर आहे. म्हणाले, "सुशीलाबाई, फोन करा म्हणाल तर आत्ता करतो. पण आमेन झालंय." मी म्हटलं, करू नका.

घरी येऊन रडले. करू नका म्हणणारी मीच, आणि रडणारीही मीच.  शेवटी हे म्हणाले, "चहा टाकू का?" टाकला. साखर विसरले.

२२ नोव्हेंबर, रविवार
लीला माझ्या बाकावर येऊन बसली. मी उठून पुढं गेले. उपदेश क्षमेवर होता. पा.सा.ंनी मुद्दाम काढला असणार, माझा राग दोघांवरही.

१३ डिसेंबर, रविवार
नाताळच्या करंज्या. दर वर्षी लीला लाटते, मी भरते. यंदा ती तिच्या घरी, मी माझ्या. माझ्या अर्ध्या तेलात फुटल्या.

२५ डिसेंबर
उपासनेनंतर लीला सरळ समोर येऊन उभी राहिली. "बोल न्हाईतर मार, पण हे असलं नको." हातात करंज्यांचा डबा. घेतला. दुसरं काय करणार, एवढ्या वर्षांचं.

रूथ मे महिन्यात कायमची परत येणार म्हणे. तिथं करमत नाही, एकटं पडल्यासारखं होतं. मिरजेचं स्थळ सांगून आलंय, मुलगा लॅबमध्ये आहे. लीला नुसती उडत होती. कोपीवर नाताळचा खाऊ वाटतानाही तेच, कौसालासुद्धा सांगितलं. कौसा म्हणाली, "बरं झालं बाई, लेक घरी यावी."

मला बरं वाटलं का? वाटलं. थोडं टोचलंही. लीलाची येईल.

३१ जानेवारी १९९९, रविवार
गासडी तिकडच्या बंदरात पोचली असं एजंट म्हणाला. पुढं ट्रकनं डोंगरावर जाणार. आता कुणाच्या अंगावर जाईल ती. मी मनाशी म्हणत असते, एखाद्या आजारी पोरीच्या जावी. मग पुन्हा वाटतं, कुणाच्याच जाऊ नये. कुठंतरी कपाटात पडून राहावी. दोन्ही वाटतं.

७ मार्च, रविवार
कारखाना या आठवड्यात बंद होतोय. कोप्या मोडायला घेतल्यात. वाकळा गोळा केल्या, बहुतेक बायांनी धुऊन वाळवून दिल्या. कौसाची राहिली होती.

ती म्हणाली, "न्या बाई. पण लेकरू हिच्यातच निजतंय. दुसरीत घातलं की उठून रडतंय. वास वळखतंय जणू." आणि घडी माझ्या हातात दिली. काही मागितलं नाही, रडगाणं नाही. बाळ शेजारी उघडं पडलं होतं.

मी ती तिथंच ठेवली. परत येताना पा.सा.ंना सांगितलं, एक फाटली होती म्हणून टाकून दिली. हे माझ्याकडं बघत होते, मी खिडकीबाहेर. माझाच नियम, मलाच मोडायला काय झालं? पण खरं सांगायला काय झालं होतं, तेही कळत नाही.

२१ मार्च, रविवार
आज रूथचा फोन. पा.सा.ंच्या ऑफिसात येतो, उपासनेनंतर. लीला बोलायला गेली. बाहेर आली तर तोंड पांढरं. तशीच रिक्षानं घरी. मी विचारलं तर हात झटकला.

२२ मार्च, सोमवार
लीला सकाळीच दारात. आत ये म्हटलं तर येईना.

"रूथ येत न्हाई. आणखी दोन वर्षं ऱ्हाणार हाय."
"का गं?"
"तुझ्यामुळं."

मग आत आली, बसली, एका दमात सगळं बोलली. गासडी रूथनंच उघडली. नीताची वाकळ बघितल्या बघितल्या ओळखली. ओळखणारच, एका वर्गातल्या दोघी. त्या निळ्या फुलांच्या कापडाचे दोन फ्रॉक मीच शिवले होते नाताळला, एक नीताला, एक हिला. रूथनं ती वॉर्डात दिलीच नाही. स्वतःच्या पलंगावर घेतली. आणि आईला म्हणाली, सुशीलाकाकूंनी मुद्दाम माझ्यासाठी पाठवली, दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून काही न लिहिता. काकू एवढं देऊ शकतात, आणि मी एकटं वाटतं म्हणून पळून येऊ?

 लीला पुढं म्हणाली, "मिरजेकडच्यांना मी काय सांगू? माझं पोर तिथं थंडीत, आपलं माणूस न्हाई जवळ. तू तिला सांग. चुकून गेली म्हण. खरं हाय ते सांगायचंय नुसतं. तुझी वाकळबी परत येईल, माझी पोरगीबी."

"आणि कुणी चूक केली म्हणून सांगू?"
"माझं नाव घे की. बिनधास्त घे."

म्हटलं, बघते. गेली.

संध्याकाळी यांना सांगितलं.  मग म्हणाले, "पलंगावर आहे म्हणाली? रोज पांघरते?" म्हटलं, हो. उठून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी नीताचं नाव घेऊन किती वर्षं झाली असतील.

२४ मार्च, बुधवार
विचार करून डोकं उठलंय. लिहूनच काढते.

मला ती परत हवी आहे. हे खरं. लीलाची पोरगी तिला परत मिळावी, हेही वाटतं. आई आहे ती. लेक नसण्याचं मला कुणी सांगायला नको. आणि खोटं तरी का चालू द्यायचं? मी दिलीच नव्हती. फुकटचा मोठेपणा मिरवायचा माझा स्वभाव नाही.

पण परवापासून मला झोप लागते आहे. ती कुणाच्यातरी अंगावर आहे, उबेला आहे, हे कळल्यापासून. ट्रंकेत ती माझ्याजवळ होती असं मी समजत होते.

आणि खरं सांगितलं तर रूथला काय वाटेल? ज्या पोरीनं दोन वर्षं कबूल केली, तिला म्हणायचं, तुझ्यासाठी नव्हतीच ती, तुझ्या आईच्या हातून चुकून गेली. ती परत येईलही. पण कशी परत येईल?

२८ मार्च, रविवार
झावळ्यांचा रविवार. रूथचा फोन आला नाही, तिकडं लाईन खराब असते. लीला ऑफिसाच्या दारात बसून राहिली, सगळे गेले तरी. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "ठरलं?" म्हटलं, नाही. "माझ्याजागी असतीस तर?"  विचारलं आणि लगेच जीभ चावली तिनं. मला राग नाही आला. या वेळी खरंच नाही आला.

२ एप्रिल, उत्तम शुक्रवार
तीन तासांची उपासना. पा.सा.ंना गाठून विचारलं, चुकून दिलेलं दान असतं का? ते म्हणाले, "देणाऱ्याला विचारा." म्हटलं, देणारी मीच, म्हणून तर तुम्हाला विचारतेय. हसले, आणि पुढच्या कामाला लागले. असला पाळक मिळाला आम्हाला.

४ एप्रिल, ईस्टर
पहाटेची उपासना, मग उकडलेली अंडी, चहा. पोरांचा गोंधळ. दहाच्या सुमाराला फोन. पा.सा.ंनी लीलाला हाक मारली. लीलानं माझा हात धरून मलाही आत ओढलं.

आधी ती बोलली. ईस्टर, तब्येत, जेवण काय केलंस. मग, "थांब, सुशीलाकाकूला द्येते," आणि रिसीव्हर माझ्याकडं. डोळ्यांनी मला म्हणत होती, सांग.

"काकू!" आवाज लांबून येत होता, पण तीच. लहानपणीची. "जय ख्रिस्त काकू. एक विचारायचं होतं. त्या निळ्या तुकड्याची कड उसवलीय. नीताच्या फ्रॉकची की माझ्या, तेच कळंना झालंय. दोन्ही सारखेच, आणि आम्ही अदलाबदल करून घालायचो. मी शिवली तर चालंल? का तुमच्याच टाक्यांत राहू दे, तशीच?"

माझ्याकडं सांगण्याजोगं वाक्य तयार होतं. आठवडाभर जुळवलेलं. लीला इतकी जवळ उभी की तिचा श्वास लागत होता.

मी म्हटलं, "शिव. बारीक धावदोरा घाल. कोपऱ्यावर दोरा वळव, तोडू नको."

"हां काकू. आणि—"

लाईन गेली. खरंच गेली, मी ठेवली नाही.

"सांगितलंस?" लीला म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. आत काही नव्हतं. तरी तशीच उभी राहिली, ऐकत. पा.सा. दारात आले, आम्हाला बघून परत गेले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकला नाही.

पुढच्या रविवारी फोन येईल म्हणतात. लाईन असली तर.