उष्टावणाचं हिरवं झबलं

अमरावती, बुधवार, १२ मार्च १९५८

आज बेबीचं उष्टावण. नणंदेनं हिरवं झबलं आणलं. म्हटलं, धुऊन घालते. तर म्हणे, "शुभकार्याले कोरंच घाल वं!" घातलं. खीर भरवायच्या आधीच पोरीचे ओठ हिरवे! बाही चोखत होती.

दुपारी झबलं घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "बाई, कपडा घालाले असते, खायाले नाई." हे सहा महिन्यांच्या पोरीला कोण सांगणार?

आमचे हे नगरपालिकेत दुधातली भेसळ तपासतात. विचारलं, झबल्याचा रंग कोण तपासतं? "कापड माह्या खात्यात येत नाई." मग कोणाच्या येतं? कापडावर गिरणीचा छाप, किमतीचा छाप. हिरव्या रंगात विष नाही, असा छाप कुठंय?

खिरीचं दूध मात्र ह्यांनी स्वतः तपासून आणलेलं. सकाळी उष्टावणात पोरीनं पहिलाच घास थुंकला आणि पुन्हा हिरवी बाही तोंडात घातली.