म्हैस बांधलेलं घर

दादा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. काल नात विचारत होती, मी सायकलवर कन्याकुमारीला निघालेय, पणजोबा रस्त्यात कमी खर्चात काय खायचे ते सांग. घरात तुमच्या त्या सायकलफेरीचं अजून कौतुक आहे. मी म्हटलं, केळी घे, खिशात शेंगदाणे-गूळ ठेव, ट्रकवाले जिथे जेवतात तिथे पोटभर जेव आणि पैसे देऊन ऊठ. तुमची युक्ती नाही सांगितली.

ती तुम्ही गणपतीत मांडवात सांगितली होतीत. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला चौथीतनं काढून शेगडीपाशी बसवलं होतं, आणि तुम्ही आम्हा भावंडांना आत्याच्या गळ्यात टाकून तीन महिने हिंडून आला होतात. खुर्चीवर बसून सांगत होतात, सकाळ शेंगदाण्यांवर भागवायची आणि गावात शिरायचं ते बायका भाकऱ्या थापत असतील त्या वेळेला. दारात म्हैस बांधलेलं घर बघायचं, म्हणजे ताक-लोणी पक्कं. जेवण मागायचं नाही, फक्त पाणी मागायचं. कुठलीही बाई नुसतं पाणी देत नाही. लोक हसले. निघताना आपला पुण्याचा पत्ता लिहून द्यायचा, 'पुण्यास आल्यास आमच्याकडेच उतरावे', म्हणजे त्यांनाही बरं वाटतं. कऱ्हाडच्या पलीकडे तुम्हाला ताप आला, तेव्हा एका घरी सहा दिवस पडून होतात. त्या बाईनं पेज भरवली, पोरांच्या वाटचं दूध तुम्हाला दिलं. तेही सांगितलंत, आणि वर म्हणालात, "एवढी बडदास्त सासुरवाडीलाही झाली नाही." लोक परत हसले. मी पुढेच बसले होते, मीही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाई आली. सदाशिव पेठेत भर दुपारी दार वाजवणारं माणूस परगावचंच असणार. डोक्यावर बोचकं, हातात तुमच्या अक्षरातला कागद, घड्या पडून पडून मऊ झालेला. म्हणते, "सायकलवालं दादा हायती का? आमच्या मालकास्नी दवाखान्यात ठेवलंय. चार दिस पथ्याचं शिजवून न्यायला चुलीची सोय हुईल का, म्हणून आले." मी आत येते. तुम्ही चटईवर पडलाय. डोळेही न उघडता म्हणता, "सांग, बाहेरगावी गेलेत."

मी सांगितलं. तिनं जिन्याखाली लावलेली तुमची सायकल बघितली. ती बघते आहे हे मी बघितलं. बाहेरगावी, आणि सायकल घरात. तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली, बोचकं उचललं आणि जाता जाता विचारलं, "त्यांचा ताप फिरून नाय ना आला?"

मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी तुम्ही एवढंच विचारलंत, "गेली का?" आणि पानावर बसलात. दोनदा आमटी घेतलीत. तिच्या नवऱ्याचं काय झालं, ती चार दिवस कुठल्या फुटपाथावर बसली, कुणाला ठाऊक. तुम्ही पुढे आणखी तीन गणपतींत तेच भाषण केलंत, तापासकट. लोक तुम्हाला हार घालायचे आणि मी मनात म्हणायची, लबाड माणूस. साठ वर्षं तेच म्हणत आले.

काल रात्री ठरवलं, नातीला सगळं लिहूनच द्यावं. कळू दे तिला पणजोबा. म्हणून वही घेऊन बसले; लिहिताना बोलणं मात्र तुमच्याशीच झालं. माझं शुद्धलेखन तिला हसू येईल असं आहे, पण वाचता येईल.

आता लिहून झाल्यावर दिसतंय. तुम्ही मला फक्त बाहेरगावी गेलेत असं सांगायला लावलं. तिला जेवू घालू नको असं म्हणाला नव्हतात. तेव्हा टोपलीत पोळ्या होत्या, आमटी होती. पण बसली तर राहील, आणि राहिली तर आणखी एका माणसाचं मलाच करावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. म्हणून दार मी लावलं, जरा घाईनंच.

वही नातीला देत नाही. तुमच्याबरोबर माझंही त्यात आलंय.