निरोपातला ऱ्हस्व नि

मी, खाली सही करणारी, एके काळची टेलेक्स ऑपरेटर, वय वर्षे त्र्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे.

१. राहतं घर माझ्या कष्टाचं असून ते माझ्या पश्चात माझ्या पुतणीला, म्हणजे भावाच्या मुलीला, मिळावं. तिला मीच वाढवलं. मागच्या खोलीचं दार फुगतं. ते खांद्याने ढकलावं, लाथ मारू नये.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच.

३. जुना मोडेम कॉलेजच्या संगणक विभागप्रमुखांना द्यावा. आम्ही भावंडांनी ईमेलचं दुकान थाटलं, तेव्हा लोक कागदावर मजकूर आणून देत, मी टाइप करी आणि भाऊ फोन जोडून पुढे धाडी. दुकानाला नेटवर्कवर नाव, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात लागतं ते, हवं होतं. पर्याय तीन होते: कॉलेजच्या नावाला शेपूट म्हणून लटकायचं, सरकारी कचेरीकडून देशाच्या नावाखालचं नाव मागायचं, नाहीतर सरळ आपलं स्वतंत्र नाव नोंदवायचं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "हे टपाल वाटायला पोस्टमन कोण देणार?" विभागप्रमुख म्हणाले, "आमचं नाव वापरा, पण आधी दुकानाची पाटी उतरवा." म्हणून ही भेट. मोडेम बंद आहे, हे त्यांना आधी सांगू नये.

४. भाऊ म्हणाला, "ताई, आपलं स्वतःचंच घेऊ. 'निरोप'."

मी म्हटलं, "अरे, निरोप जाणाऱ्या माणसाला देतात."

"आणि पोचल्यावर तो धाडतो, तोही निरोपच ना?"

अर्ज मी भरला. निरोपातला नि ऱ्हस्व, म्हणून इंग्रजीत एकच आय. भाऊ मात्र जन्मभर 'नीरोप' असाच दीर्घ लिहीत आला, आणि इंग्रजीतही त्याची बोटं दोनदा ई दाबायची. मी टोकलं की म्हणायचा, "हो गं, कळलं." कळलेलं नसायचं.

वहिनी गेल्यावर तो परदेशी कामाला निघाला. पोर माझ्या कडेवर होती. दारात म्हणाला, "पोचलो की निरोपवर कळवतो." काही आलं नाही. साधं पत्र तरी का टाकलं नाही, हे मला आजही उमगलेलं नाही.

५. ते नाव मी दर वर्षी मुदत वाढवून जिवंत ठेवलं आहे. पुतणी म्हणते, "आत्या, सोड ना आता. यायचं असतं तर आलं असतं." दोन ईंचं नावही घ्यावं म्हणून मी चौकशी केली, तर तो गेला त्याच सुमाराला ते चपला विकणाऱ्या एका कंपनीने घेतलेलं निघालं. त्यांनी कळवलं, की अनोळखी माणसाच्या नावाने आलेलं टपाल यंत्र न उघडताच टाकून देतं. माझं शुद्धलेखन बरोबर होतं. त्याचा काय उपयोग झाला?

६. पोरी, हे तुला तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही. बापाने आपल्याला टाकलं, असं तू धरून चालतेस. टाकलंही असेल. किंवा त्याने लिहिलं असेल आणि उत्तर येत नाही म्हणून आपणच त्याला टाकलं, असं तोही धरून चालला असेल. आता कळायला मार्ग नाही, आणि मला आशाही उरलेली नाही. नाव सांभाळ किंवा सोडून दे, माझा हट्ट नाही.

एवढाच तुला माझा नीरोप.

वरच्या ओळीतला दीर्घ नी हातचुकीने पडलेला नाही. तो दुरुस्त करू नये.

(सही) आत्या

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. तळमजल्यावरचे घड्याळजी (सही)
२. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ४ मार्च