रुमालाखालची बोटं

भिमाजीकाका,

वाल्मिकला घेऊन गावी आलो त्या दिवशी दारात तुम्ही विचारलंत, "पोराला लई तरास झाला का रं?" मी म्हणालो, "नाही काका, वाल्मिक जागेवरच गेला." ते खोटं होतं.

तोफेचा गोळा पडल्यावर तो वीस मिनिटं जिवंत होता. गळ्याला लागलं होतं, बोलता येत नव्हतं. मी पट्टी दाबून धरलेली. त्याने ब्लँकेटखाली माझा हात ओढला आणि बोटं दाबायला लागला. तुम्ही घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बैलाचा भाव करता ना, तसंच.

सीमेवरच्या पोस्टवर तो मला ही बोटांची भाषा रोज शिकवायचा. "इंग्लिश मीडियम, तुला बाजारात शेरडूबी महाग पडंल," म्हणायचा. मला वॉरची क्रेझ, मी त्याला रायफलची रेंज सांगत बसायचो. शिकलोच नाही.

त्याने तीन बोटं दाबली, मग पूर्ण पंजा, मग अंगठा चोळला. चार वेळा तेच. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो.

तुम्हाला ते कळेल. पण विचारायचं तर ती वीस मिनिटंही सांगावी लागतील, म्हणून चार महिने हे पत्र लिहितो आणि बॅगेतच ठेवतो. काका, तुम्हाला काय वाटतं, सांगायला येऊ का?

तुमच्या वाल्मिकचा पार्टनर,
सुयोग