डावीकडची बटणे

६ जानेवारी, सकाळी ६.१०

संकल्प: या वर्षी रागवायचे नाही. राग आला की माणूस मुद्दा सोडून माणसावर जातो, हे मी चौतीस वर्षे वर्गात शिकवले.

उद्या लायब्ररीचे वाचकमंडळ माझ्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढण्याचा ठराव करणार. केवळ औपचारिकता. ‘कारकुनाचा कोट: एक प्रतीकमीमांसा’, पाने चौसष्ट. मंडळ सध्या जी जुनी कादंबरी वाचते आहे, तिच्यावरच. नायक कारकून. रोज संध्याकाळी एक जुना कोट चढवून पुलापर्यंत जातो आणि परत येतो. बाकी काही घडत नाही. म्हणूनच ती थोर आहे. कोट खांद्यात दाटतो: संस्थांचे ओझे. बाह्या आखूड: मानवी प्रयत्नांची मर्यादा. बटणे डाव्या बाजूला, लावताना तो रोज चाचपडतो: उलटी झालेली समाजव्यवस्था.

हा सिद्धान्त मी तीस वर्षांपूर्वी मांडला. आजवर कोणीही खंडन केलेले नाही. ही (तीही मंडळाची सभासद) म्हणाली, कोणी वाचलेलाही नाही. हे खंडन नव्हे.

७ जानेवारी, शनिवार, सायंकाळी ७

रागावलेलो नाही. फक्त नोंद करतो.

मंडळात नवा सभासद. धंद्याने शिंपी. ग्रंथपालबाईंपासून सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात. मी तीन विद्यापीठांचा परीक्षक होतो. मला ‘काका’ म्हणतात.

मी बटणांवर बोलत होतो. चाळिसावे मिनिट. मास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘सर, तो कोट बाईचा आहे.’

लोक हसतील म्हणून थांबलो. हसले नाहीत. मास्तर बसल्या जागेवरून सांगू लागले की पुरुषाच्या कोटाला बटणे उजवीकडे लावतात, बाईच्या डावीकडे. खांदा अरुंद काढतात, बाही कमी ठेवतात. पहिल्या प्रकरणात टेबलावर दोन कप आहेत, दुसऱ्यापासून एकच. ‘बायको गेली आहे हो त्याची. तिचा कोट घालून फिरतोय.’

बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ माझ्या भाषणात दहाव्या मिनिटाला झोपतात. आज त्यांनी पुस्तक उघडून कप शोधायला सुरुवात केली. ठराव पुढच्या शनिवारवर गेला. एका शिंप्यामुळे.

८ जानेवारी, सकाळी ५

झोप उत्तम लागली. नंतर उडाली.

मास्तरांच्या विधानातील दोष. एक, वाच्यार्थावर अडकणे. दोन, धंद्याचे ज्ञान साहित्यात घुसवणे. उद्या न्हावी येईल आणि नायकाच्या भांगावर बोलेल, परवा गवंडी येईल आणि पुलाचा पाया तपासेल. तीन, आणि हा निर्णायक: बायको वारली असती तर लेखकाने तसे लिहिले असते. दोनशे अठरा पाने तपासली. ती वारली असे कुठेही म्हटलेले नाही.

दुपारी २. लक्षात आले की ती आहे असेही कुठे म्हटलेले नाही. हा मुद्दा टिपणात घेतलेला नाही.

कपांचे म्हणाल तर, एक कप म्हणजे व्यक्तिवाद. पुस्तिका, पान ३१. मास्तरांनी निदान पान ३१ वाचून यायचे होते.

१० जानेवारी, सकाळी ११

प्रत्यक्षाइतके बलवान प्रमाण नाही. ही बाजारात गेल्यावर कपाटातून हिचा जुना कोट काढला. प्रतिज्ञा: डाव्या बटणांचा कोट पुरुषही विनासायास घालू शकतो, सबब, बटणांवरून तो बाईचा ठरत नाही.

आरशापुढे उभा राहिलो. पहिल्या बटणाला चार मिनिटे. बोटे नेमकी उलट्या दिशेने जातात. बाह्या मनगटाच्या चार बोटे वर. व्याख्यानात करतो तसा हात उंचावून पाहिला, तेव्हा उजवा खांदा उसवला.

निष्कर्ष: एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही.

११.४०. कोट निघत नाही.

१२.१५. ही आली. कोट काढून दिला. काय चालले आहे असेही विचारले नाही, हे मला जास्त लागले. एवढेच म्हणाली, ‘खांदा मास्तरांकडे टाकावा लागेल.’

या भागात दुसरा शिंपी नाही. फोन करून चौकशी केली.

१२ जानेवारी

कोट शिवून आला. शिवण इतकी बेमालूम की कुठे उसवला होता ते शोधावे लागते. हा निव्वळ दिखाऊपणा.

ही सांगते की मास्तरांनी उसवण पाहिली, हिच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, शनिवारी सरांचे भाषण ऐकायला नक्की येतो. बस. ही धमकी समजावी काय? प्रतिपक्षाच्या हाती एवढा पुरावा आणि तो वापरायची घाई नाही! असली अरेरावी मी विद्यापीठाच्या राजकारणातही पाहिली नाही. कप टेबलावर ठेवला तो जरा जोरात ठेवला गेला. फुटला. जोडीतला एक उरला. यात प्रतीक काही नाही.

संकल्पात दुरुस्ती: सकारण संताप हा राग समजू नये.

१४ जानेवारी, शनिवार, सायंकाळी ८

एक तास वीस मिनिटे बोललो. सतरा मुद्दे, प्रत्येकाला हेतू, दृष्टान्त आणि निगमन. पूर्वपक्ष मी स्वतः मांडला, मास्तरांपेक्षा कितीतरी नीट मांडला, आणि उद्ध्वस्त केला. टाळ्या झाल्या. बऱ्याचशा संपल्याबद्दल होत्या, असे हिचे म्हणणे.

मग ग्रंथपालबाईंना मास्तरांना बोलायला सांगण्याची दुर्बुद्धी झाली. मास्तर म्हणाले, सरांचा अभ्यास दांडगा, मी पामर काय बोलणार. एक पान वाचतो. शेवटचे पान. कारकून घरी येतो, कोट खुंटीला टांगतो आणि त्याची कॉलर नाकाशी धरून उभा राहतो. (पुस्तिका, पान ५८: ‘संस्कृतीच्या कुजण्याचा दर्प’.) मास्तर अडखळत वाचतात. दोन ठिकाणी ओळ चुकली. कोणीही हसले नाही.

पुस्तक मिटून म्हणाले, ‘माझ्याकडे लोक गेलेल्या माणसांचे कपडे आणतात. आपल्या मापाचे करून घ्यायला. मी माप घेतो, खडूने खुणा करतो. मग एखादा म्हणतो, राहू द्या मास्तर, नका कापू. आहे तसाच घालतो.’

चार मिनिटे. कपाटातल्या कोटाबद्दल अवाक्षर नाही. मी सबंध वेळ उत्तर तयार ठेवून बसलो होतो. ते तसेच घरी घेऊन आलो.

बँकवाले नाक शिंकरत होते. सर्दी असावी. ठराव: दुसरी आवृत्ती तूर्त स्थगित, मास्तरांचे बोलणे लिहून घेऊन मंडळाने छापावे. बाजूने अकरा. विरोधात एक. तटस्थ एक: ही.

१५ जानेवारी, सकाळी ९

मंडळाचा राजीनामा. पाच पाने, परिशिष्टासह. स्वतः नेऊन दिला. ते माझी समजूत घालायला येतील तेव्हा काय अटी घालायच्या याची यादी खिशात होती.

ग्रंथपालबाईंनी पहिली ओळ वाचली, आभार मानले आणि शिक्का मारला. वर, काकांनी तब्येतीला जपावे, म्हणाल्या. वाटेत मास्तरांचे दुकान. ते मशीनवरून उठून नमस्कार करू लागले. मी रस्ता ओलांडला.

१७ जानेवारी, दुपारी ४

खंडनग्रंथ लिहिणार. तीनशे पाने तरी होतील. त्यासाठी सकाळी कादंबरी पुन्हा काढली. पेन्सिल सापडेना, म्हणून खुणा न करता वाचली. अशी ती मी आजवर वाचली नव्हती. पुलाच्या कठड्याशी तो दर वेळी डाव्या बाजूला थोडी जागा सोडून उभा राहतो. याचे मी काहीच स्पष्टीकरण दिलेले नाही. शेवटच्या पानाला चष्मा दोनदा पुसावा लागला. नंबर बदलला असावा.

ही समोर भाजी निवडत होती. मी तिला शक्य तितक्या तटस्थपणे सांगितले की त्या कारकुनाची बायको वारलेली आहे.

तिने सुरी बाजूला ठेवली. म्हणाली, ‘अहो, हे मी तुम्हाला तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पुस्तक संपवून मी याच खुर्चीत रडत बसले होते. तुम्ही म्हणालात, हा वाच्यार्थ झाला. आणि आत जाऊन लिहायला बसलात.’

मला असे काही आठवत नाही, असे मी तिला ठामपणे सांगितले. आत येऊन पुस्तिका उघडली.

पान १२, तळटीप: ‘एका सामान्य वाचिकेने या कोटाविषयी व्यक्त केलेला गैरसमज येथे विचारात घेण्याचे कारण नाही.’