साडूच्या आधी मरायचं नाही

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज भट्टीवरून काढलं. आता मी गेटवर. काम काय, तर ब्रेडची गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. मालक फार गोड बोलले. म्हणाले, गेटवर हवा चांगली असते. सोळा वर्षं भट्टीपुढे भाजून निघालो तेव्हा यांना हवा आठवली नाही.

कारण उघड आहे. माझा एचआयव्ही. बेकरीत हे फक्त एका माणसाला माहीत होतं. तो माणूस पॅकिंगला आहे, माझ्या मेहुणीचा नवरा आहे, आणि काल मालकांच्या केबिनमधून बाहेर पडताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. साडू!

घरी हिने, म्हणजे बायकोने, दोन गोष्टी सांगितल्या. एक, ब्रेडमधून हे पसरत नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. दोन, माझ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन मालकांकडे जाऊ. मी नाही म्हणालो. मामला माझ्या इज्जतीचा आहे. सूड मी घेणार, एकटा.

५ फेब्रुवारी, सकाळ
सुडाचा प्लॅन ठरला. साडूच्या आधी मरायचं नाही. बस्स.

मागे कुणाच्या तरी बारशात तो म्हणाला होता, बघू हे किती दिवस काढतात. हिच्या बहिणीने ऐकलं, हिला सांगितलं, हिने मला. आता मी त्याच्या मयताला जाणार. इस्त्रीचा शर्ट. केस रंगवलेले. लोक म्हणतील, अरे, हे तर कालच्यासारखेच दिसतात!

साधन घरातच आहे. रोज एक गोळी, एकात तीन औषधं. गेली चार वर्षं घेतोय. रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच राहिलं तर संसारात हिलाही माझ्यापासून धोका नाही आणि आयुष्य इतरांसारखं. आजार कुठून आला यावर घरात एकदाच चर्चा झाली. तेवढी पुरली.

९ फेब्रुवारी
नुसतं जगून भागणार नाही. तगडं दिसलं पाहिजे. एप्रिलच्या स्टाफ मेळाव्यात पंजा लढवतात. दरवर्षी साडू जिंकतो. या वर्षी त्याचा हात मी सगळ्यांसमोर टेबलावर आपटणार आणि मग भाषण करणार. भाषणाची सुरुवात तयार आहे: 'मित्रहो, ज्याला तुम्ही मेलेला समजत होता...'

१० फेब्रुवारी
ताकदीची पावडर आणली. दुकानदाराचे दंड माझ्या मांडीएवढे. त्याने सांगितलं की यात कॅल्शियम, लोह, झिंक, सगळं आहे. वर कॅल्शियमच्या वेगळ्या गोळ्याही दिल्या. पावडर पोटाला जड जाते म्हणून ब्रेडच्या गाडीवाल्याने ॲसिडिटीचं गुलाबी औषध सुचवलं. तेही आणलं.

सकाळी उपाशीपोटी सगळं एकदम घेतो. आधी गोळी, तिच्यावर पावडर, तिच्यावर कॅल्शियम, शेवटी गुलाबी. वेळ वाचतो. सूड घेणाऱ्याला वेळेची किंमत असते.

१९ फेब्रुवारी
गोळ्या आणायला सरकारी दवाखान्याच्या सेंटरवर गेलो. तिथल्या ताई दर वेळी तेच विचारतात. एखादी चुकली का? दुसरं काही औषध सुरू केलं का? मी छातीठोक नाही म्हणालो. पावडर म्हणजे काय औषध आहे? ती तर ताकद आहे.

ताईंनी हेही बजावलं की गोळ्या त्यांच्याच बाटलीत ठेवा, झाकण घट्ट, उन्हात नको. ऐकून घेतलं. बिचाऱ्यांना दिवसभर हेच बोलावं लागतं.

२ मार्च
वजन वाढलं! हिचं म्हणणं, वाढलं ते पोट. ही पहिल्यापासून निराशावादी.

लेकीबरोबर पंजाची प्रॅक्टिस केली. ती कॉलेजात जाते, एका हाताने मोबाईल बघत होती. तिने तीनदा माझा हात पाडला. मुलीचा आत्मविश्वास वाढावा म्हणून मी जोर लावला नव्हता.

८ मार्च
साडू आणि मेहुणी घरी जेवायला येणार. हिने बोलावलं! मला न विचारता! म्हणाली, बहीण आहे माझी. मी म्हणालो, आणि तो माझा शत्रू आहे. म्हणाली, मग शत्रूला पण वाढते.

त्याला गोळ्यांची बाटली दिसायला नको. त्याला वाटेल मी आजारी आहे. सगळ्या गोळ्या पेपरमिंटच्या डबीत काढल्या आणि डबी गेटच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. आता तिथेच घेत जाईन. शत्रूच्या हद्दीत, त्याच्या नाकासमोर. कल्पना सुचली तेव्हा स्वतःशीच हसलो.

जेवताना साडू खाली मान घालून बसला होता. माझ्या नजरेचा धाक. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तब्येत सुधारली हो. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, अजून खूप जगायचंय मला, काही जणांपेक्षा जास्त. त्याला ठसका लागला. पाणी हिने दिलं.

१४ मार्च
केबिनचं छप्पर पत्र्याचं. दुपारी आत बसलं की आपलाच ब्रेड होतो. डबीतल्या गोळ्या जरा मऊ लागतात. चालायचंच.

गाडीवाल्याने पेपरमिंट समजून एक उचलली. हातातून हिसकावली. तो म्हणाला, एवढ्याशा पेपरमिंटसाठी एवढं? कंजूस म्हणाला मला. पचवलं. मोठ्या ध्येयासाठी माणसाला पुष्कळ पचवावं लागतं.

१८ मार्च
काल आणि परवा गोळी राहिली. माझी चूक नाही. परवा साडू नव्या भट्टीवाल्याबरोबर हसताना दिसला, त्या रागात राहिली. काल परवाचं आठवून राहिली. आज तिन्ही दिवसांच्या एकदम घेतल्या. बरोबरी झाली.

दुपार. पोटात कालवतंय. दोन गाड्या फाटकाबाहेर हॉर्न वाजवत उभ्या होत्या, मी ओणवा होतो. साडू धावत आला आणि त्याने फाटक उघडलं. त्याला माझी गेटची नोकरीही हवी आहे.

२७ मार्च, दुपार
रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू दिसायला लागलाय. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं की हा घातपात आहे. साडूने गोळ्यांत काहीतरी केलंय. जेवायला आला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, घरात जे जे पोटात जातं ते आणाल का? मी काही बोलायच्या आत हिने पिशवी टेबलावर उपडी केली. पावडर, कॅल्शियम, गुलाबी बाटली, गेटच्या केबिनमधली पेपरमिंटची डबीसुद्धा. बायको म्हणायची की पोलीस!

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून एक मऊ गोळी दाबून बघितली. मग म्हणाल्या की कॅल्शियम, लोह आणि ही ॲसिडिटीची औषधं गोळीतल्या एका औषधाला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. म्हणजे गोळी मी गिळत होतो, पण ती पोहोचत नव्हती. घ्यायचंच असेल तर गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, आणि तेही विचारून. उष्णतेने, दमटपणाने गोळ्या खराब होतात, त्या टाकायच्या नाहीत तर परत आणून द्यायच्या. चुकली तर आठवेल तेव्हा एक घ्यायची. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दुप्पट, तिप्पट कधीच नाही. आणि असंच चालू राहिलं तर विषाणू औषधाला सरावतो, मग हीच गोळी कामाची राहत नाही.

मी विचारलं, साडूचा काहीच हात नाही? त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो, राग त्यानेच आणला होता. त्यांनी लिहून घेतलं नाही.

मग त्यांनी हिच्याकडे वळून सांगितलं की तुमचीही तपासणी करू, आणि रिपोर्ट पुन्हा चांगला येईपर्यंत निरोध वापरा. हिने तपासणीची चिठ्ठी घेतली.

२७ मार्च, संध्याकाळ
 घरी येऊन हिने उशी उचलली आणि लेकीच्या खोलीत गेली. दारातून एवढंच म्हणाली, अहो, त्याच्या आधी मरायचं नाही म्हणता. माझं काय, ते ठरवलंय का?

यावर उत्तर होतं माझ्याकडे. पण दार लागलं होतं.

२ एप्रिल
हिचा रिपोर्ट निगेटिव्ह. काही लिहावंसं वाटत नाही. देवाला हात जोडले. देवाला हेही सांगितलं की साडूला विसरलेलो नाही.

५ एप्रिल
नवी बाटली. स्वयंपाकघरात, कपाटात, झाकण घट्ट. नाश्त्यानंतर एक. लेकीने मोबाईलवर अलार्म लावलाय, त्यात तिचाच आवाज आहे: बाबा, गोळी, साडू नंतर. पावडर हिने दुकानदाराला परत केली. दुकानदार घेत नव्हता. ही बोलायला लागल्यावर घेतली.

पंजाची प्रॅक्टिस चालू. तंत्र महत्त्वाचं, ताकद नाही.

१४ एप्रिल, मेळावा संपल्यावर
हरलो.

नीट लिहितो. कँटीनचं टेबल. सगळा स्टाफ गोल. मालकही. मी बाही वर केली, साडूच्या डोळ्यांत बघितलं. शिट्टी वाजली. माझं तंत्र सुरू होण्याआधीच हात टेबलावर होता, माझा.

पण खरा दगा पुढे आहे. त्याने माझा हात सोडलाच नाही. तसाच धरून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मालकांना मीच सांगितलं होतं. घाबरलो होतो. बायको मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, यांच्या बायकोनेच सांगितलं होतं तिला, तेव्हा अक्कल आली. भाऊ, चुकलं माझं. मालक, यांना भट्टीवर घ्या. आणि रडायला लागला. एवढा मोठा गडी, ढसाढसा!

मी भाषण सुरू केलं, 'मित्रहो, ज्याला तुम्ही...' पण त्याच्या हुंदक्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी मलाच माझा रुमाल त्याला द्यावा लागला. त्यात त्याने नाक शिंकरलं. मालक म्हणाले, नवा भट्टीवाला जूनअखेर सोडून चाललाच आहे, नंतर तुम्हीच या.

सूड घ्यायच्या आधीच माणसाने माफी मागणं हा निव्वळ भित्रेपणा आहे.

२३ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी कँटीनमध्ये सगळ्यांना माहिती दिली. स्पर्शाने नाही, ब्रेडने नाही, एका कपातून चहा प्यायल्याने नाही. माझ्या भाषणातले सगळे मुद्दे वापरून संपले. साडू पहिल्या रांगेत. नंतर त्याने माझ्या कपातला अर्धा चहा सगळ्यांदेखत प्यायला. चहा माझा होता. अर्धाच उरला.

२८ जून
रिपोर्ट. विषाणू पुन्हा सापडत नाही! डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सापडत नाही म्हणजे बरा झाला असं नाही, गोळी चालूच. मी म्हणालो, मला शिकवू नका. हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, शिकवा.

हिची उशी परत आली. 

रिपोर्ट साडूच्या तोंडावर थंडपणे फेकायचा असं ठरवून त्याच्या घरी गेलो. दारातच त्याने मिठी मारली. थंडपणाला जागाच राहिली नाही.

१ जुलै
भट्टीवर परतलो! नवा प्लॅन: आज असा सोनेरी ब्रेड काढायचा की पॅकिंगला साडू जळून खाक व्हावा. पहिला घाणा आत सरकवला आणि त्याचा चेहरा बघायला भट्टी आणि पॅकिंगच्या मधल्या काचेशी जाऊन उभा राहिलो. तो मान खाली घालून कागद लावत होता. म्हटलं, मान वर करेपर्यंत थांबू. थांबलो. तो काही वर बघेना. मला त्याच्या भुवया दिसल्या, टक्कल दिसलं, कानामागची पेन्सिल दिसली. धूर इतरांना दिसला.

अख्खा घाणा कोळसा.

मालक आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात साडू काचेपलीकडून आला. एक काळा ब्रेड मोडला, आतला पांढरा तुकडा काढून खाल्ला, आणि मालकांना म्हणाला, चव तीच आहे हो, भट्टीचा थर्मोस्टॅट बिघडलाय. मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, काही बिघडलेलं नाही.

साडू त्याला म्हणाला, पुन्हा बघ.