धुतलेल्या पिशव्या

सोमवार, ३
पोचले. खोली प्रशस्त, पलंग कुरकुरत नाही, नळाला गरम पाणी. दवाखान्यातल्या नोकरीपेक्षा हे शतपटीने बरं. तिथे भुंकणारे रुग्ण आणि त्यांच्याहून जास्त भुंकणारे मालक. इथे फक्त चौदा शुगर ग्लायडर, खारीसारखे तरंगणारे प्राणी, आणि सगळे मजेत दिसले. तळहातावर मावतील एवढे, डोळे टपोरे, पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा. तो पसरला की कपाटावरून थेट खिडकीपर्यंत तरंगत जातात. मूळचे निशाचर, पण काळे पडदे लावून त्यांची रात्र दिवसावर आणली आहे. दुपारी मंद लाल दिव्यात सगळे जागे. मालकीणबाईंना येणारे-जाणारे काकू म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी मला दारातच हुंगलं. अक्षरशः. मग नाक मुरडून म्हणाल्या, शी बाई, नुसता साबण!

मंगळवार, ४
काकू त्यांना ‘लेकरं’ म्हणतात आणि लेकरांना नुसती फळं आणि मध चारतात. कॅल्शियम नावालाही नाही. एका मादीचे मागचे पाय लुळे पडत चालले आहेत. न पडते तरच नवल. सांगितलं तर उत्तर मिळालं की काल आलेल्या पोरीने मुकादमाला शहाणपण शिकवू नये. मुकादम म्हणजे कळपातला मोठा नर; काकूंच्या मते लेकरांनी काय खायचं तेही तोच ठरवतो. त्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल आहे. तिथे वासाची ग्रंथी असते. ती घासून तो प्रत्येकाला आपला वास लावतो. ज्याला तो वास, तो घरचा, बाकी परके.
काकाही आहेत, वरच्या खोलीत, आजारी. जिन्यात ओझरते दिसले. कपाळाच्या वर नाण्याएवढं तेलकट टक्कल. नायटा असावा. ते चौकटीला डोकं घासत होते. खाजवायला देवाने हात दिले आहेत, पण असो.
मोबाइलला रेंज फक्त गच्चीत येते, काकांच्या खोलीवरून जावं लागतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना तिथून फोन करून पुढच्या सोमवारी मादीला बघायला बोलावलं.

बुधवार, ५
नव्या माणसाने कापडाचा तुकडा छातीशी धरून झोपायचं आणि तो पिंजऱ्यात ठेवायचा, म्हणजे जनावरं ओळखू लागतात. ही रीत शास्त्रशुद्ध आहे. पण काकूंच्या घरी तो तुकडा आधी काकांच्या उशाखाली जातो! काकांचा काय संबंध, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आधीचीही असंच तोंड वर करून विचारायची. ती कुठे गेली, ते सांगितलं नाही. मी तुकडा दिला नाही. तिचाच असावा असा रुमाल माझ्या ड्रॉवरमध्ये सापडला. सडक्या फळासारखा उग्र वास. ड्रॉवर लगेच बंद केला.

गुरुवार, ६
काकू बाजारात गेल्या, तेवढ्यात घर माणसात आणलं. जनावरं ज्यांत झोपतात आणि काकू ज्या दिवसभर गळ्यात घालून मिरवतात, त्या कळकट पिशव्या जंतुनाशकात उकळल्या. पिंजरे घासले. मशीन लागलंच होतं म्हणून चादरी, अभ्रे, काकूंची घरातली शालही टाकली. जिन्याच्या चौकटी पुसल्या. काकू आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. हवा हुंगली. मटकन बसल्या. आभार मानायची पद्धत या घरात नसावी.

शुक्रवार, ७
एका मादीने स्वतःची दोन्ही पिल्लं खाल्ली. कारण मला पाठ आहे. वास पुसला गेला, पिल्लं परकी झाली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही अशी चूक, आणि ती मी केली.
काकू पिल्लांसाठी रडल्या नाहीत. म्हणाल्या, लेकरांचं राहू दे, आता आमच्या ह्यांनी मला ओळखलं म्हणजे मिळवली. इतकी वर्षं संसार करून बायको वासाने ओळखायची असेल, तर कठीण आहे.
वरून आवाज येतोय. किर्रर्र, किर्रर्र. जुन्या खेळण्याची किल्ली फिरवावी तसा. बिथरलेला ग्लायडर असाच ओरडतो. पण खालचे सगळे गप्प आहेत.

शनिवार, ८
दुपारी काकू शाल पांघरून वर गेल्या. मला म्हणाल्या, बाहेरून कडी घाल, तुझ्याच भल्याचं सांगतेय. घातली. किर्र थांबलं. मग काहीतरी आपटलं. मग चावल्यासारखं—
काकू हाकेला ओ देत नाहीत. दाराखालून शालीची कड बाहेर आली आहे. ओली.
बाहेरच्या दाराची किल्ली काकूंच्या कमरेला. खिडक्यांना गज. गच्ची त्या खोलीवरून.

रविवार, ९
कडी तुटली.
तो जिन्याने आला नाही. कठड्यावरून दिवाणखान्यात — तरंगत. हात पसरलेले, काखेपासून कमरेपर्यंत ताणलेली कातडी. नायटा म्हणे! मूर्ख मी.
मी न्हाणीघरात आहे. तो दार हुंगतोय. माझ्या अंगाला साबण, केसांना साबण. घरात न धुतलेलं, त्याच्या वासाचं एकच — ड्रॉवरमधला रुमाल. माझी खोली समोर. चार पावलं—

खोलीत पोचले, रुमाल गळ्यात बांधला. मागोमाग तो तरंगत माझ्या पलंगावर उतरला. माझ्या हनुवटीखाली डोकं घासलं, हळू, लेकरासारखं. मी हलले नाही. मग मानेला. मग केसांना.
वाचले.

सोमवार, १०
उजेड बोचतो. पेन बोटांत नीट बसत नाही. लुळी मादी पिशवीत, माझ्या छातीशी. चांगली झोपली आहे. काका कपाटावर. किल्ली त्यांनीच आणून दिली.
बेल वाजतेय. दवाखान्यातले डॉक्टर. म्हणताहेत, अगं, उघड की, किती वेळ उभं करतेस. उघडते. काका सरसावून बसले आहेत.
फटीतून वास येतोय. शी. नुसता साबण.
परका.
माझ्या घशातून काहीतरी — किर्र—